हिवाळ्याची बेगमी

पावसाळा तोंडावर आला की धान्य, सरपण, गोवऱ्या आणि पापड-लोणची यांची घरोघरी तजवीज केली जाते. या तयारीला मराठीत ‘बेगमी’ असा नेमका शब्द आहे. पुढे येणारा कठीण काळ आधीच ओळखून त्यासाठी केलेला साठा, असा त्याचा अर्थ. अशी बेगमी मुक्या जनावरांसाठीही करावी लागते. कॅनडाच्या अल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांतील छोट्या पशुपालकांचा तर संपूर्ण संसारच तिच्यावर उभा असतो.

या प्रांतांच्या दक्षिण भागात ‘प्रेअरी’ नावाची विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. तेथे हेरफर्ड, अँगस यांसारख्या जातींची गुरे प्रामुख्याने मांसासाठी पाळली जातात. छोट्या पशुपालकाकडे वीस-पंचवीस गाई असतात. प्रत्येक गाईला वर्षाला एक वासरू होते आणि ते विकून येणारा पैसा हेच त्याचे मुख्य उत्पन्न असते. उन्हाळ्यात गुरे कुरणात चरतात. ऑक्टोबरमध्ये गवताची वाढ थांबते, त्यानंतर मैदाने बर्फाखाली जातात. नवे गवत दिसण्यास मे महिना उजाडावा लागतो. मधल्या काळात काही रात्री तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तरीही बहुतेक गुरे बंदिस्त गोठ्यात नसून उघड्यावरच असतात. ती जगतात कशी?

या प्रश्नाचे उत्तर गाईच्या पोटात दडलेले आहे. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्याला कोठीपोट म्हणतात. तेथे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. गवतातील चिवट तंतू ते कुजवतात आणि त्यातून गाईला ऊर्जा मिळते. या क्रियेत उष्णताही निर्माण होते. गाईची शेगडी जणू तिच्या पोटातच पेटलेली असते आणि वाळलेला चारा हे त्या शेगडीचे सरपण असते. म्हणून कडाक्याच्या थंडीत जाणता पशुपालक चाऱ्याचे प्रमाण वाढवतो. घाबरून एकदम पुष्कळ धान्य घातले, तर पोटात आम्ल वाढून गाय आजारी पडण्याचा धोका असतो.

थंडीचा परिणाम मोजण्याचा एक ढोबळ नियम आहे. गाईच्या अंगावर हिवाळी केसांचा दाट आणि कोरडा थर असेल, तर शून्याखाली सुमारे ८ अंशांपर्यंत तिला ऊब टिकवण्यासाठी जादा ऊर्जा लागत नाही. त्याखाली तापमान उतरले की प्रत्येक अंशामागे ऊर्जेची गरज सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शून्याखाली २३ अंश तापमान असताना तिला जवळजवळ ३० टक्के अधिक ऊर्जा लागते. मात्र केस भिजले की त्यांतील ऊब धरून ठेवणारी हवा नाहीशी होते. मग १५ अंशांच्या सौम्य हवेतही गाईला थंडी बाधू लागते. वाराही असाच शत्रू आहे. म्हणूनच प्रेअरीतील शेतकरी झाडांच्या रांगा लावतात किंवा फटी ठेवलेले लाकडी कुंपण उभारतात. वाऱ्याला केलेला हा आडोसा चाऱ्याचीच बचत करतो.

चारा किती आहे याइतकेच तो कसा आहे, हेही महत्त्वाचे असते. गव्हाचे काड स्वस्त मिळते. पण त्यात प्रथिने फार कमी असतात. नुसते काड खाल्ल्यास कोठीपोटातील सूक्ष्मजीवांची उपासमार होते, पचन मंदावते आणि न पचलेले काड पोटात साचून राहते. गाय पोटभर खाऊनही खंगत जाते. यासाठी कॅनडातील पशुपालक ७, ९ आणि ११ हे आकडे लक्षात ठेवतात. गाभणकाळाच्या मध्यावर आहारात ७ टक्के, शेवटच्या महिन्यांत ९ टक्के आणि व्यायल्यानंतर ११ टक्के प्रथिने असावीत, असा त्यांचा अर्थ आहे. पोटातील वासराची बरीचशी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होत असल्यामुळे ही चढती गरज निर्माण होते. त्यामुळे साधा चारा आधी वापरायचा आणि लसूणघासासारखा पौष्टिक चारा शेवटच्या महिन्यांसाठी राखून ठेवायचा, हे शहाणपणाचे ठरते.

आता बेगमीचा हिशेब पाहू. ६०० किलो वजनाची गाय दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे १५ किलो वाळलेला चारा खाते. २५ गाईंना दिवसाला ३७५ किलो आणि २०० दिवसांना ७५,००० किलो, म्हणजे ७५ टन चारा लागतो. यंत्राने बांधलेला एक गोल गठ्ठा ५०० किलोचा धरला, तर असे १५० गठ्ठे होतात. पायदळी तुडवला जाणारा चारा, कडाक्याच्या थंडीचे दिवस आणि लांबलेला वसंत यांसाठी आणखी पंचवीस गठ्ठे हाताशी असावे लागतात.

हा हिशेब ऑक्टोबरमध्येच करावा लागतो. त्या वेळी चारा कमी पडणार हे कळले, तर मार्ग मोकळे असतात. गाभण न राहिलेल्या आणि म्हाताऱ्या गाई विकता येतात, काडाला पूरक खुराक जोडता येतो किंवा चारा विकत घेता येतो. तेच फेब्रुवारीत कळले, तर चाऱ्याचे भाव चढलेले असतात, रस्ते बर्फाने अडलेले असतात आणि गाभण गाय विकण्याची पाळी येते. गाय विकणे म्हणजे पुढील सर्व वर्षांची वासरे विकणे होय.

साठा पुरेसा असला तरी देखरेख लागतेच. दाट केसांमुळे गाय धष्टपुष्ट दिसते. पण ते रूप फसवे असू शकते. म्हणून तिच्या बरगड्यांवर आणि पाठीवर हात फिरवून अंगावरील चरबी अजमावतात. पाण्याकडेही लक्ष द्यावे लागते. पाणी कमी पडले की गाय चाराही कमी खाते. त्यामुळे पाणवठा गोठणार नाही याची काळजी घेतात. चारा घालण्याच्या वेळेचाही उपयोग होतो. चारा सायंकाळी किंवा रात्री घातल्यास अधिक गाई दिवसा वितात, असे मॅनिटोबातील गस कोनेफाल या पशुपालकाच्या लक्षात आले. पुढे इतरांनाही तसाच अनुभव आला. दिवसा जन्मलेले ओले वासरू रात्रीच्या गारठ्यातून वाचते आणि त्याच्याकडे लक्ष देणेही सोपे जाते.

तथापि, निसर्ग कधी कधी हा सारा हिशेब मोडून टाकतो. २००२ आणि २०२१ या वर्षी प्रेअरीत तीव्र दुष्काळ पडला आणि हिवाळ्यासाठी चाराच उरला नाही. अनेकांना आपले कळप कमी करावे लागले. त्या वेळी कॅनडाच्या पूर्व भागातील शेतकऱ्यांनी हजारो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या व्यवसायबंधूंसाठी चारा पाठवला. महाराष्ट्रातही २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळी उन्हाळ्यात बीड, सोलापूर यांसारख्या जिल्ह्यांत चारा छावण्या उभाराव्या लागल्या होत्या. एकीकडे बर्फ आणि दुसरीकडे रखरखीत ऊन. पण रिकाम्या गव्हाणीपुढे उभ्या असलेल्या जनावराची भूक आणि त्याच्या धन्याची चिंता दोन्हीकडे सारखीच.

संकट मोठे असेल तेव्हा समाजाची मदत लागते. एरवी मात्र चारा वेळेवर मोजणे, त्याची प्रत ओळखणे आणि तो जपून वापरणे शेतकऱ्याच्याच हाती असते. जनावराला उद्याची तरतूद करता येत नाही. ती त्याच्यासाठी माणसानेच करावी लागते.