फक्त एकच साइट चालू ठेवायची म्हणजे नेमकं काय?

तुमच्या संशोधन प्रस्तावात असं एखादं वाक्य असण्याची शक्यता बरीच आहे: 'प्रयोगाच्या काळात विद्यार्थ्यांना संगणकावर फक्त मराठी विकिपीडिया उपलब्ध असेल.' वाचायला सोपं वाटतं. पण तोंडी परीक्षेत एखाद्याने विचारलं, 'उपलब्ध असेल म्हणजे? बाकीचं कोण अडवणार आणि कुठे?' तर उत्तर तयार हवं. कारण अडवण्याच्या जागा निदान दोन आहेत, आणि जागा बदलली की प्रयोगच बदलतो.

पहिली जागा ब्राउझर. क्रोममध्ये व्यवस्थापकाला धोरणं लावता येतात: बंदीच्या यादीत फक्त एक तारांकित चिन्ह टाकलं की सगळं बंद, आणि परवानगीच्या यादीत जे लिहाल तेवढंच उघडं. पण इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. परवानगीत नुसतं विकिपीडियाचं मूळ नाव लिहिलंत तर त्याखालचे सगळे उपविभाग आपोआप उघडतात, म्हणजे इंग्रजी, हिंदी, सगळेच. मुलं 'इतर भाषा'वर टिचकी मारून इंग्रजी लेखावर पोचतील आणि तुम्ही मराठी वाचनाचं आकलन मोजलं असं लिहाल! म्हणून मराठी विकिपीडियाचा पूर्ण पत्ताच लिहा. दुसरं म्हणजे ही बंदी फक्त त्या ब्राउझरपुरती असते. त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर असेल, किंवा पेनड्राइव्हवरून कोणी चालवला, तर धोरण गेलं उडत.

दुसरी जागा म्हणजे शाळेचं नेटवर्क: राउटर, डीएनएस किंवा फायरवॉल. इथे कुठलाही ब्राउझर असो, सहसा अडतो. पण आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे नेटवर्कला साधारणपणे साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. 'विकिपीडियावरचे हे दहाच लेख उघडे ठेवू' असं नेटवर्कवर ठरवायचं असेल तर सगळी देवाणघेवाण मधेच उलगडून वाचावी लागते, त्यासाठी प्रत्येक संगणकावर वेगळं प्रमाणपत्र बसवावं लागतं, आणि मग मुलांनी टाइप केलेले पासवर्डसुद्धा त्या मधल्या यंत्राला वाचता येतात. शाळकरी मुलांवर असं करण्याइतका तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे का? माझं मत विचाराल तर पीएचडीच्या एका प्रकरणासाठी तरी नाही.

नेटवर्कवर अडवताना आणखी एक घोळ होतो. विकिपीडियाच्या लेखांतली चित्रं विकिमीडियाच्या वेगळ्या पत्त्यावरून येतात. तो पत्ता परवानगीत नसेल तर मजकूर दिसतो, आकृत्या गायब. पचनसंस्थेचा धडा आकृतीशिवाय वाचलेल्या गटाचे गुण कमी आले, तर दोष साइटचा की तुमच्या यादीचा? क्रोमचं धोरण मुख्यतः पान उघडण्यावर चालतं, त्यामुळे तिथे चित्रं सहसा येतात. म्हणजे एकाच वाक्याचे दोन वेगळे प्रयोग झाले.

आता रचनेकडे या, कारण खरा पेच इथे आहे. एका वर्गाला एकच साइट आणि दुसऱ्या वर्गाला मोकळं इंटरनेट दिलंत, तर दोन्ही वर्गांचे शिक्षक, तासाची वेळ, वातावरण सगळंच वेगळं असतं. तुमच्याकडे साठ मुलं असली तरी तुलना दोनच वर्गांची. बरं, एकाच लॅबमध्ये चिठ्ठ्या टाकून मुलं वाटलीत, तर बंद संगणकावरचा मुलगा शेजारच्या स्क्रीनकडे पाहणारच. यावर जादूचा उपाय नाही. दोन वेळा ठेवून एकाच वर्गातली मुलं चिठ्ठीने दोन तुकड्यांत वाटा, किंवा मधे आडोसे लावा, आणि काय केलंत ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

शिवाय बंदी स्वतःच एक हस्तक्षेप आहे. 'हे पान अडवले आहे' असा संदेश चार वेळा पाहिलेला विद्यार्थी वैतागतो. म्हणूनच अडलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवा. लेखाखालच्या संदर्भांवर किती टिचक्या पडल्या हे कित्येकदा गुणांपेक्षा जास्त बोलकं असतं. मात्र नोंद संगणक क्रमांकाने ठेवा, नावाने नको. आणि अशी नोंद होणार आहे हे पालकांच्या संमतीपत्रात आणि मुलांना सोप्या शब्दांत, दोन्हीकडे आधी सांगा. संस्थेच्या नैतिकता समितीपुढे हा मुद्दा येतोच.

खरं तर तुमचा प्रश्न मजकुराच्या आकलनाचा असेल तर इंटरनेटच कशाला हवं? किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर विकिपीडियाची प्रत ऑफलाइन दाखवतं. चालू विकिपीडियावरचा लेख सोमवार ते गुरुवार कोणीही बदलू शकतं. गोठवलेली प्रत सगळ्यांना सारखीच राहते, आणि प्रतीची तारीख लिहिली की पुढचा संशोधक तोच प्रयोग पुन्हा करू शकतो. पण प्रश्न 'मुलं माहिती कशी शोधतात' हा असेल, तर ही सोय उपयोगाची नाही. एकाच साइटच्या कुंपणात शोधण्याचं कौशल्य फारसं लागतच नाही, त्यामुळे तिथले निष्कर्ष मोकळ्या इंटरनेटला लावता येत नाहीत.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये जाऊन प्रत्येक यंत्रावर स्वतः बसा, एका यंत्रावर पाहून समाधान मानू नका. क्रोमचं धोरणांचं पान उघडून यादी लागू झाली आहे का बघा, दुसरा ब्राउझर शोधा, फोनचं हॉटस्पॉट जोडून बघा, लेखातली चित्रं उघडतात का बघा. प्रत्येक संगणकाचं घड्याळही जुळवून घ्या. लॅबमधली जुनी यंत्रं कधी दहा मिनिटं मागे असतात, आणि मग नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत.