अंटार्क्टिकाच्या वाटेवर एक कुसळ

जहाजाच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे आपापले बूट, जाकिटं नि पाठपिशव्या घेऊन रांगेत उभे होतो. व्हॅक्यूम क्लीनर घरघरत होते. टेबलांवर चिमटे, ब्रश, भिंगं मांडली होती. चिलीची एक तरुण जीवशास्त्रज्ञ माझ्या पिशवीच्या वेल्क्रोवरून भिंग फिरवत होती. ती मध्येच थांबली, चिमट्यानं एक काळपट काडी ओढून काढली आणि म्हणाली, "हे कुठलं?"

मी लगेच ओळखलं. कुसळ होतं. दोन महिन्यांपूर्वी रामटेकच्या टेकडीवर फिरायला गेले होते, तिथलं.

एकतीस वर्षं मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवलं. कुसळी गवताचं बी मुलांच्या तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा, हा माझा दरवर्षीचा पाठ. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, बी गरगर फिरतं आणि रानात असलं तर तसंच मातीत शिरतं. तेच बी मी नकळत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी आणलं होतं. मी त्या मुलीला सांगितलं, हे उष्ण प्रदेशातलं गवत आहे, या थंडीत रुजणार नाही. ती म्हणाली, "हे नाही रुजणार. पण ज्या वाटेनं हे आलं त्याच वाटेनं रुजणारंही येतं."

मग तिनं अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटाची हकिगत सांगितली. तिथं पोलंडचं आर्क्टोव्स्की हे संशोधन केंद्र आहे. थंड देशांत हिरवळीवर, रस्त्याकडेला सगळीकडे उगवणारं पोआ अ‍ॅनुआ नावाचं साधं गवत 1985-86 च्या उन्हाळ्यात त्या केंद्राजवळ दिसलं. माणसांच्या बुटांतून, सामानातून आलेलं. ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. अख्ख्या अंटार्क्टिकात फुलणाऱ्या देशी वनस्पती फक्त दोन आहेत. एक केसासारखं बारीक गवत, डेशाम्प्सिया, आणि दुसरी उशीसारखी दाट वाढणारी कोलोबॅन्थस. दोनच! तिसरीला आपल्या बुटातून नेणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

1981 च्या डिसेंबरात डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली, तेव्हा मी कॉलेजात होते. रेडिओवरची ती बातमी मनात राहिली. निवृत्तीनंतर, 2024 च्या डिसेंबरात, धाकट्या बहिणीला घेऊन निघाले. विमानभाडं, विमा, गरम कपडे सगळं धरून माणशी दहा-बारा लाखांच्या घरात खर्च आला. आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा त्यात गेला.

अशा जहाजाला क्रूझ म्हणतात खरं, पण त्यावर जुगाराची टेबलं नसतात, नाचगाणी नसतात. आमच्या जहाजावर 170 प्रवासी होते. सोबत पक्षीतज्ज्ञ, भूशास्त्रज्ञ, देवमाशांचे अभ्यासक. दिवसातून दोन-तीन व्याख्यानं. ही पद्धत लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी 1966 मध्ये सुरू केली. त्यांनी अर्जेंटिनाच्या आरमाराचं जहाज भाड्यानं घेऊन पर्यटकांना तिथं नेलं, ते शिकता शिकता बघावं म्हणून. पुढं 1969 मध्ये त्यांनी खास या कामासाठी एक लहान लाल जहाज बांधून घेतलं. तेच जहाज, मालक बदलल्यावर, 2007 च्या नोव्हेंबरात बर्फावर आदळून बुडालं. जहाजावरचे सगळे 154 जण वाचले, कारण जवळच असलेलं एक नॉर्वेजियन जहाज मदतीला धावलं. ही गोष्ट आमच्या कप्तानानं पहिल्याच संध्याकाळी सांगितली, आणि मग कुणीही जीवरक्षक जाकिटाचा सराव टाळला नाही.

अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघाल्यावर बीगल खाडी संपते आणि ड्रेक पॅसेज सुरू होतो. तो ओलांडायला दोन दिवस लागतात. या अक्षांशावर वारा नि पाणी पृथ्वीला पूर्ण फेरी घालतात, त्यांना जमीन कुठंच आडवी येत नाही, म्हणून लाटा एवढ्या उंच होतात. बहीण दीड दिवस अंथरुणाला खिळून होती. मी कठड्याला धरून अल्बट्रॉस बघत होते. पंख न हलवता तो लाटेच्या पोटातून वर येई.

जमिनीवर उतरायला धक्का नसतो. झोडियाक नावाच्या रबरी होडीतून जायचं, खलाशानं आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं, आणि घोटाभर पाण्यात पाय टाकायचा. त्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा बूट जंतुनाशकाच्या पाण्यात घासायचे. एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून जास्त माणसं उतरत नाहीत. पाचशेंपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरता येत नाही. हे नियम प्रवासी कंपन्यांनी 1991 मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे आहेत. खायचं काही न्यायचं नाही, दगड उचलायचा नाही. बर्ड फ्लूचा विषाणू 2024 च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला होता, आणि त्या साथीमुळे तर जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला किंवा पिशवी खाली ठेवायलाही मनाई होती.

नेको हार्बरला मी पहिल्यांदा खंडाच्या मुख्य भूमीवर उभी राहिले. समोर हिमनदी. तिचा कडा कोसळला तर मोठी लाट येते, म्हणून किनाऱ्यालगत रेंगाळू नका, असं बजावलेलं. आधी वास आला, सुकटीच्या गोदामासारखा. मग दिसली जेंटू पेंग्विनांची वस्ती, क्रिलच्या आहारानं गुलाबी झालेल्या विष्ठेत माखलेली. चढावर त्यांच्या चालण्यानं बर्फात खोल पायवाटा पडलेल्या असतात. ती वाट त्यांची. आपला पाय पडून खड्डा झाला तर बुजवायचा, नाहीतर पेंग्विन त्यात अडकतो. पाच मीटर अंतर ठेवायचं, पण पेंग्विनाला हा नियम माहीत नसतो. एक जण चोचीत खडा धरून थेट माझ्याकडे आला. मी निश्चल उभी राहिले. माझ्या बुटाला वळसा घालून तो घरट्याशी गेला आणि खडा जोडीदारणीपुढं ठेवला. तोंड वळवेपर्यंत शेजाऱ्यानं तो पळवला होता.

डिसेप्शन बेटावर मात्र मन खिन्न झालं. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात जहाज शिरतं, आत काळ्या वाळूवर देवमाशांची चरबी उकळायच्या गंजलेल्या लोखंडी टाक्या उभ्या आहेत. तो कारखाना 1931 मध्ये बंद पडला. दुसऱ्या दिवशी हंपबॅक देवमासे आमच्या होडीजवळ श्वास सोडत होते. शिकार थांबली म्हणून ते पुन्हा वाढले आहेत.

रात्री अंधार होतच नाही. अशाच एका रात्री भूशास्त्रज्ञांनी ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉटची गोष्ट सांगितली. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना तो नि त्याचे सोबती उपासमारीनं, थंडीनं मेले, पण त्यांच्या घसरगाडीवर सुमारे 16 किलो दगड होते, ते त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जीवाश्म पानं सापडली. मी जागच्या जागी उठून उभी राहिले. ग्लॉसोप्टेरिस! नागपूरजवळच्या कामठीच्या खडकात हेच जिभेसारखं पान मिळतं. कामठीचा एक नमुना वर्षानुवर्षं माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात होता. भारत नि अंटार्क्टिका गोंडवन या एकाच प्राचीन महाखंडात जोडलेले होते, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. त्या रात्री मोडक्या इंग्रजीत मी सगळ्यांना कामठीबद्दल सांगितलं.

आता हिशेबाचं सांगते, कारण ते लपवणं मला जमणार नाही. एका हंगामात तिथं जाणाऱ्यांची संख्या लाखाच्या पुढं गेली आहे. नव्वदीच्या सुरुवातीला ती काही हजार होती. जहाजांची काजळी बर्फावर बसते नि बर्फ लवकर वितळतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2016 ते 2020 दरम्यान प्रत्येक प्रवाशामागे सुमारे 83 टन बर्फ असा गेला. मी गेले, म्हणजे असा बर्फ माझ्याही नावावर आहे. जड इंधन तेलावर तिथं 2011 पासून बंदी आहे, ती चांगलीच आहे. पण केवळ कंपन्यांच्या शिस्तीवर हे चालू नये, किती जहाजं जावीत याची मर्यादा देशांनी मिळून ठरवावी, असं मला मनापासून वाटतं. 2024 च्या मे महिन्यात अंटार्क्टिक कराराच्या देशांची बैठक आपल्याकडे कोचीत झाली. पर्यटनासाठी व्यापक चौकट आखण्याचं काम तिथं हाती घेतलं गेलं. भारतानं त्यात ठाम राहावं.

परतीच्या वाटेवर, साउथ शेटलंड बेटांपैकी एकावर, आमचं शेवटचं उतरणं होतं. ती चिलीची मुलगी माझ्याजवळ आली आणि हातानं खुणावत मला एका खडकाच्या आडोशाला घेऊन गेली. तिथं शेवाळाशेजारी तळहाताएवढा हिरवा झुबका होता. डेशाम्प्सिया. गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून मी हात पोटाशी धरून उकिडवी बसले. "असं चालेल ना?" विचारलं. ती म्हणाली, "चालेल." पाती वाऱ्यानं एका बाजूला कलली होती. भिंग काढून पाहिलं, तर एका पात्याच्या कुशीत तुरा नुकता बाहेर पडत होता. बहीण लांबून हाका मारत होती, "अगं ताई, शेवटची होडी!"

मी आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिले.