उंदरांच्या किडनीने दिलेला इशारा

‘सर, ग्रोथ हार्मोन तर शरीरातच तयार होतं. मग त्यानं किडनीला काय होणार?’ खोपटहून ओपीडीत आलेल्या एका तरुणाचा हा प्रश्न. जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून तो इंजेक्शने घेत होता. असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांनी केव्हाच दिले आहे.

१९८२ मध्ये अमेरिकेत पामिटर आणि ब्रिन्स्टर यांच्या चमूने ग्रोथ हार्मोनचे जादा जनुक घातलेले उंदीर तयार केले. ते नेहमीपेक्षा बरेच मोठे झाले. पुढे अशा उंदरांच्या किडनीतील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या आधी फुगलेल्या आणि नंतर वण पडून निकामी झालेल्या आढळल्या. एफजीएफ-२ हा वाढीचा दुसरा घटक. तो जास्त मात्रेत दीर्घकाळ दिल्यावरही उंदरांच्या गाळण्यांवर वण पडले. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा काहींच्या लघवीतून इतकी प्रथिने जाऊ लागली की ती मध्येच थांबवावी लागली.

असे का होते? गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशींचे अस्तर असते. या पेशींची संख्या सहसा वाढत नाही. गाळणी फुगली की त्या ताणल्या जातात, सुटून पडतात. मग प्रथिने गळू लागतात आणि उघड्या जागी वण धरतो. तो भरून येत नाही.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्या दहा शरीरसौष्ठवपटूंच्या किडनीचे नमुने तपासले. नऊ जणांत असेच वण होते. औषध वेगळे, पण इजा त्याच जातीची.

याचा अर्थ वाढ खुंटलेल्या मुलांचे उपचार थांबवावेत असा नाही. तिथे मात्रा मोजून दिली जाते आणि तपासण्या होत राहतात. धोका आहे तो चिठ्ठीशिवाय, मनाला येईल त्या मात्रेत घेण्यात.

अशी इंजेक्शने घेतली असतील तर ती बंद करून डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्तदाब मोजा. केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नका: पिळदार शरीरात ते मुळातच थोडे जास्त असू शकते आणि सुरुवातीच्या इजेत नॉर्मलही दिसते. लघवीतील अल्ब्युमिनची साधी तपासणी गळती लवकर दाखवते. लघवीला टिकणारा फेस येत असेल, तर ती आजच करून घ्या.