फुगा का फुगला नाही?

पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या एका शाळेत मला किण्वन दाखवायचे होते. उसाचा परिसर, म्हणून साखरेऐवजी मुद्दाम काकवी घेतली. थर्मासमधल्या वाफाळत्या पाण्यात बेकरीतले कोरडे यीस्ट कालवले, त्यात तितकीच काकवी ओतली आणि बाटलीच्या तोंडावर फुगा बसवला. तास संपला तरी फुगा लोंबकळतच होता. मागच्या बाकावरून सूचना आली, "सर, अजून यीस्ट टाका!"

कोणालाही हेच सुचेल. परदेशात घरी बीअर बनवणारे हौशी लोकही किण्वन मंदावले की आधी हाच उपाय करतात. पण यीस्ट ही जिवंत पेशींची भुकटी आहे. पेशी काम का करत नाहीत, हे आधी पाहायला हवे.

किण्वन खरोखरच मंद आहे का? फुगा सैल बसला असेल तर वायू निसटतो आणि आपण फसतो. खरी खूण म्हणजे द्रावणाची घनता. साखरेचे अल्कोहोल होऊ लागले की घनता घटते. यासाठी दूध तपासायचा लॅक्टोमीटरही चालतो. एक भाग काकवीत बारा भाग पाणी घातले की घनता साधारण दुधाइतकी होते. रोज त्याच वेळी पाहिल्यास लॅक्टोमीटर अधिकाधिक खोल बुडताना दिसतो. त्याला चिकटलेले बुडबुडे मात्र आधी झटकावेत.

घनता घटत नसेल तर कारणे मोजकीच आहेत. यीस्टला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. थंडीच्या रात्री ते सुस्तावते, तर ५५ अंशांच्या पुढे मरते. द्रावण फार दाट असेल तर परासरणामुळे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. उकळलेल्या द्रावणात ऑक्सिजन उरत नाही, आणि नव्या पेशींची पटले घडवायला सुरुवातीला तो थोडा लागतो. म्हणून गार झालेले द्रावण यीस्ट घालण्यापूर्वी चांगले हलवावे. नुसत्या साखरेच्या पाण्यात नायट्रोजन नसतो, त्यामुळे पेशींची वाढ खुंटते. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवन्यांत मळी पाण्याने पातळ करतात आणि गरजेप्रमाणे युरियासारखे पोषण देतात, ते याचसाठी.

आणखी एक कारण म्हणजे आगंतुक जीवाणू. १८५६ साली फ्रान्समधील लील येथे बिगो नावाच्या कारखानदाराचे बीटपासूनचे अल्कोहोल बिघडू लागले, तेव्हा त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. किण्वन हे सूक्ष्मजीवांचे काम असते आणि आंबट करणारे जीव यीस्टहून वेगळे असतात, हे पाश्चर यांच्या पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

माझ्या बाटलीत यांपैकी काय घडले होते? दुसऱ्या दिवशी मुलांनी चार बाटल्या मांडल्या. पहिलीत वाफाळते पाणी आणि दाट काकवी. दुसरीत कोमट पाणी आणि दाट काकवी. तिसरीत वाफाळते पाणी आणि पातळ काकवी. चौथीत कोमट पाणी आणि पातळ काकवी. यीस्ट सगळ्यांत सारखेच. चौथीचा फुगा ताठ उभा राहिला. दुसरीचा जेमतेम हलला. पहिली आणि तिसरी निपचित राहिल्या. म्हणजे माझ्या चुका दोन होत्या: गरम पाण्याने यीस्ट मारले होते, आणि ते जगले असते तरी दाट काकवीने त्याला रखडवले असते.

आदल्या दिवशी आणखी यीस्ट टाकले असते, तर तोवर पाणी निवलेले असल्यामुळे फुगा थोडा हललाही असता. मग "यीस्ट कमी पडले" असे आम्ही वहीत लिहिले असते, आणि ते चूक ठरले असते.

हे द्रावण पिऊ नये, प्रयोग संपताच ओतून द्यावे. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणे हा गुन्हाही आहे. आणि वर्गात प्रयोग फसला तर बाटली लपवू नका. तीच पुढच्या तासाला पहिली बाटली म्हणून मांडा.