प्रवाळ जलजीवालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ जलजीवालयातील प्रकाशयोजना : घरगुती खाऱ्या पाण्याच्या काचपात्रात प्रवाळ आणि महाकाय शिंपले जगविण्यासाठी केलेली कृत्रिम प्रकाशाची व्यवस्था. केवळ मासे ठेवलेल्या जलजीवालयात दिवा मुख्यतः पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. प्रवाळ जलजीवालयात मात्र प्राण्यांच्या अन्नाचा मोठा भाग प्रकाशातूनच निर्माण होतो. म्हणून दिव्याची निवड डोळ्यांना काय सुखावह वाटते यावरून न करता प्राण्यांच्या गरजेवरून करावी लागते.

जैव पार्श्वभूमी : प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात झूझँथेली या नावाने ओळखली जाणारी एककोशिक, सोनेरी-तपकिरी शैवले सहजीवी म्हणून राहतात. प्रवाळाच्या एक चौ. सेंमी. पृष्ठभागात त्यांची संख्या साधारणपणे दहा लाखांच्या घरात असते. शैवले प्रकाशसंश्लेषणाने (प्रकाशऊर्जेच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करण्याच्या क्रियेने) ग्लुकोज, ग्लिसरॉल इ. पदार्थ तयार करतात व त्यांतील मोठा हिस्सा आश्रयदात्या प्राण्याला मिळतो. प्राण्याकडून शैवलांना निवारा, कार्बन डाय-ऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त उत्सर्जित द्रव्ये मिळतात. टॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून केलेल्या प्रयोगांत प्रवाळांच्या सांगाड्यात चुना साचण्याचा वेग अंधारापेक्षा प्रकाशात पुष्कळ अधिक असल्याचे दाखवून दिले. अर्थात प्रकाश अपुरा पडल्यास प्राण्याचे पोषण व सांगाड्याची वाढ ही दोन्ही खुंटतात. ट्युबॅस्ट्रीया यासारख्या काही प्रवाळांत ही शैवले नसतात. त्यांना प्रकाशाची गरज नसून बाहेरून अन्न द्यावे लागते.

महाकाय शिंपल्यांत (ट्रायडॅक्ना व हिपोपस प्रजातींत) ही शैवले प्राण्याच्या कोशिकांत नसून जठरापासून निघून प्रावारात (शिंपेच्या आतील त्वचेच्या घडीत) पसरलेल्या सूक्ष्म नलिकांत असतात. शिंपला दिवसा शिंपा उघडून प्रावाराची कड प्रकाशाकडे पसरतो. प्रावाराचे निळे, हिरवे व सोनेरी रंग ज्या परावर्तक कोशिकांमुळे दिसतात, त्यांचे कार्य केवळ शोभेचे नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या कोशिका उपयुक्त प्रकाश ऊतकाच्या आतील शैवलांच्या स्तंभांपर्यंत पसरवून पोहोचवितात आणि कमी उपयोगाचा प्रकाश परत फेकतात.

प्रकाशाची प्रत : समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, तर निळा प्रकाश सर्वांत खोलवर पोहोचतो. झूझँथेलींमधील हरितद्रव्य व पेरिडिनीन ही रंगद्रव्ये ४०० ते ५५० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) या पट्ट्यातील जांभळा, निळा व निळसर हिरवा प्रकाश विशेषेकरून शोषतात. म्हणून दिव्याच्या वर्णपटात निळा भाग भरपूर असणे आवश्यक असते. बाजारात दिव्यांचे वर्णन केल्व्हिन या रंग-तापमानाच्या एककात केलेले आढळते. सुमारे ६,५०० केल्व्हिनचा दिवा दिवसाच्या उजेडासारखा, तर १४,००० ते २०,००० केल्व्हिनचा दिवा स्पष्टपणे निळसर दिसतो. तथापि ही संख्या प्रकाशाची छटा सांगते, त्याची राशी नव्हे.

प्रकाशाची राशी : लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले आहे. डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. त्यामुळे शैवलांना अत्यंत उपयुक्त असलेला निळा प्रकाश डोळ्याला अंधुक भासतो. यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यात दर चौ. मी.वर दर सेकंदाला पडणारे फोटॉन (प्रकाशकण) मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हे मान सुमारे २,००० असते. जलजीवालयात मऊ प्रवाळांना साधारणपणे ५० ते १५०, मोठ्या मुखांच्या कठीण प्रवाळांना १०० ते २०० आणि ॲक्रोपोरासारख्या शाखायुक्त प्रवाळांना २०० ते ४०० मायक्रोमोल प्रकाश पुरतो. शिंपल्यांपैकी उथळ पाण्यात खडक पोखरून राहणाऱ्या ट्रायडॅक्ना क्रोशिया व ट्रा. मॅक्सिमा या जातींची गरज जास्त असते, तर ट्रा. स्क्वॅमोजा व ट्रा. डेरासा या जाती त्यामानाने कमी प्रकाशात तग धरतात.

एकूण मात्रा तीव्रता व कालावधी या दोहोंवर अवलंबून असते. २५० मायक्रोमोल प्रकाश १० तास दिल्यास दर चौ. मी.ला दिवसाकाठी ९ मोल फोटॉन मिळतात. परंतु एका मर्यादेपलीकडे तीव्रता वाढविल्याने प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. उलट शैवलांना इजा होऊन ती बाहेर टाकली जातात व प्राणी पांढरा पडतो. उपासमार सावकाश होते, तर अतिप्रकाशाची इजा काही दिवसांतच घडू शकते.

प्रकाशाची साधने : जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत जिवंत खडक, हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश यांवरच भर होता. थंड देशांत मात्र कृत्रिम दिव्यांवाचून गत्यंतर नव्हते. अनुस्फुरक नलिकांचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, १६ मिमी. व्यासाच्या नलिका चांगल्या परावर्तकासह वापरल्यास मध्यम खोलीच्या पात्राला पुरतात. मात्र वापराने त्यांचा प्रकाश घटत जातो व साधारणतः वर्षभरात त्या बदलाव्या लागतात. धातु-हॅलाइड दिवे (१५०, २५० व ४०० वॉट) खोल पात्रातही तीव्र प्रकाश देतात. परंतु त्यांची उष्णता पाणी तापविते, आणि जंबुपार किरण अडविण्यासाठी काही प्रकारांत संरक्षक काच अनिवार्य असते.

प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) आता सर्वाधिक प्रचारात आहेत. निळ्या डायोडाच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दिवे कमी वीज घेतात, दीर्घकाळ टिकतात आणि त्यांचे रंग व तीव्रता स्वतंत्रपणे नियंत्रित करता येतात. भिंगामुळे अरुंद शलाका पडत असल्यास मात्र शाखायुक्त प्रवाळांचा खालचा भाग सावलीत राहून मरतो. अशा वेळी एकाहून अधिक दिवे वेगवेगळ्या कोनांतून लावावेत. शिवाय निळसर प्रकाश मंद भासल्याने तीव्रता नकळत फार वाढविली जाण्याचा धोका असतो.

निवड व वापर : प्रथम ठेवावयाचे प्राणी व पात्राची खोली निश्चित करून मग दिवा निवडावा. पाण्यातील प्रकाश मोजणारे मापक शक्य असल्यास वापरावे व प्राण्याच्या प्रत्यक्ष जागी मापन करावे, कारण दिव्याखाली व कोपऱ्यात मोठी तफावत आढळते. शिंपल्याचा प्रावार वरच्या दिशेने पसरत असल्याने प्रकाश वरूनच यावा. नवीन प्राणी आरंभी कमी प्रकाशात ठेवून तीन-चार आठवड्यांत तीव्रता क्रमाने वाढवावी. नवीन दिवा बसवितानाही हाच नियम पाळावा. दैनिक कालावधी ८ ते १२ तासांचा ठेवून उरलेला वेळ अंधार राखावा आणि पाण्याचे तापमान २५° ते २७° से.च्या दरम्यान ठेवावे. प्रवाळ तपकिरी पडणे किंवा प्रकाशाच्या दिशेने ताणून वाढणे ही बहुधा अपुऱ्या प्रकाशाची, तर वरचा भाग पांढुरका होणे हे अतिप्रकाशाचे लक्षण असते. तथापि पाण्यातील पोषकद्रव्ये, क्षारता व तापमान यांतील बिघाडांमुळेही अशीच चिन्हे दिसत असल्याने तेही तपासावेत.

कायदेशीर बाजू : सर्व महाकाय शिंपले व कठीण प्रवाळ यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. भारतात भित्तिकारक प्रवाळ तसेच ट्रा. मॅक्सिमा व हिपोपस हिपोपस या शिंपल्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील, लक्षद्वीपमधील किंवा अंदमानातील प्रवाळ काढून घरी आणणे हा गुन्हा ठरतो. जेथे असे जलजीवालय ठेवण्यास परवानगी आहे, तेथेही संवर्धन केंद्रांत वाढविलेले प्राणी घेणे इष्ट होय. हे प्राणी दीर्घायुषी आहेत. प्रकाशाची खात्रीशीर सोय झाल्याखेरीज ते आणू नयेत.