होस्टेलच्या पेटीत काय भरावं?

मागच्या वर्षी सीईटीच्या फेऱ्या संपल्या आणि आमच्या थोरलीला पुण्यात बी.फार्मला प्रवेश मिळाला. अल्हमदुलिल्लाह! घरातली पहिलीच मुलगी बाहेरगावी शिकायला निघाली होती. कळमन्यातल्या आमच्या घरी आठ दिवस मुबारकबाद द्यायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि रिकाम्या हाताने कोणीच येत नव्हतं. मामूंनी इंडक्शन शेगडी आणली. खालाने पाणी तापवायचा रॉड दिला. "पुण्याची थंडी तुला माहीत नाही," म्हणाली. फुफूकडून सँडविच टोस्टर आला. मार्केट यार्डात मिरचीच्या अडतीवर काम करणारे आमचे शेजारी तर छोटा कूलर द्यायला निघाले होते. तिच्या अब्बूंनी बर्डीवरून प्रेस आणि केटली घेतली.

होस्टेलवर पोहोचलो तेव्हा रेक्टर मॅडमनी सामान पाहिलं आणि नियमांचा कागद पुढे केला. शेगडी, रॉड, टोस्टर यांना मनाई. केटली १००० वॉटच्या आत असेल तर चालेल. आमची १५०० ची होती. परतीच्या गाडीत आम्ही दोघं होतो आणि सीटखाली तीच पिशवी, जाताना जितकी भरलेली होती जवळजवळ तितकीच.

मला वाईट वाटलं ते पैशांचं कमी आणि स्वतःचं जास्त. मी शाळेत विज्ञान शिकवते. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले. पण स्वतःच्या मुलीचं सामान बांधताना हा गुणाकार एकदाही केला नाही. आता या महिन्यात पुन्हा प्रवेशाच्या फेऱ्या सुरू आहेत, तेव्हा तो इथे करते.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. खोलीतला नेहमीचा तीन पिनांचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. म्हणजे त्यावर जास्तीत जास्त १३८० वॉट. १५०० वॉटची केटली साडेसहा अँपिअर ओढते, इंडक्शन शेगडी २००० वॉटची असली तर पावणेनऊच्या आसपास. जाड पिनांचा मोठा सॉकेट १६ अँपिअरचा, तो होस्टेलच्या खोलीत क्वचितच दिसतो. मग मुलं बाजारातून तीस-चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर आणतात आणि जाड पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवतात. प्लग बसतो, पण भिंतीतली तार तेवढीच राहते. ती तापते.

आता एका खोलीत तिघी आहेत असं धरा. सकाळी साडेसातला एकीची केटली, दुसरीची प्रेस आणि तिसरीचा केस वाळवायचा ड्रायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लागले, तर बेरीज साडेतीन हजार वॉटच्या वर जाते. आमच्या मुलीच्या शेजारच्या खोलीत दुसऱ्याच महिन्यात असा बोर्ड वितळला. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री फोनवर "अम्मी, जळका वास येत होता," हे वाक्य ऐकल्यावर मला झोप आली नाही. होस्टेलचे नियम जाचक वाटतात खरे, पण ते बहुतेक अशा वासानंतरच लिहिले गेलेले असतात.

म्हणून पहिली खरेदी एक्स्टेंशन बोर्डाची करा आणि तिथे काटकसर करू नका. प्लगवर आयएसआयची खूण पाहा; खुणेच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी अॅप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नुसतं चिन्ह छापलंय ते कळतं. चार्जर आणि पॉवर बँकवर आयएसआय नव्हे, तर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोही याच अॅपमध्ये तपासता येतो. दुकानदारासमोर उभं राहून तपासा, संकोच कसला? इतवारीत कापड घेताना आपण ताकाच्या दोन्ही बाजू उलटून पाहतोच ना.

पॉवर बँकेबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. फोनपर्यंत ५ व्होल्टने पोहोचताना त्यातलं साधारण सहा हजार उरतं, आणि डब्यावर बारीक अक्षरांत तेही छापलेलं असतं. ५००० चा फोन त्यावर दोनदा नाही, जेमतेम एकदा पूर्ण भरतो. मुलीला गाडीच्या प्रवासाला तेवढं पुरतं, तर २०,००० चं ओझं कशाला?

कूलर आम्ही नेला नाही हे नशीब. आम्हा नागपूरकरांना मे महिना कूलरशिवाय सुचत नाही, कारण इथली हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडून गारवा येतो. तोच कूलर मुंबईच्या दमट हवेत नुसती ओल वाढवतो. गाव पाहून वस्तू घ्या. लॅपटॉपचंही तसंच, पहिला महिना थांबून सीनियर मुलींना विचारलं तर कोणता लागेल, लगेच लागेल की नाही, हे कळतं. चार्जिंगचा एलईडी टेबल लँप मात्र पहिल्या दिवसापासून हवा. फजरला उठणारी एक आणि झोपलेल्या दोघी, अशा खोलीत मोठी ट्यूब लावली की मैत्री टिकत नाही.

आता रमजानचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू झाला, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यावर येईल आणि २०३० मध्ये तर जानेवारी आणि डिसेंबर असे दोनदा. म्हणजे आज चार वर्षांच्या पदवीला जाणाऱ्या मुलामुलीचे सगळे रमजान थंडीचे. मेस सकाळी आठला उघडते. पहाटे पाचला, गार खोलीत, ती मुलगी काय खाणार? आईच्या डोळ्यांसमोर हाच प्रश्न असतो आणि त्यापायीच आपण शेगडी बांधून देतो.

आम्ही पुण्याहून परतल्यावर ६०० वॉटची, आत स्टीलचं भांडं असलेली लहान केटली पाठवली. ती अडीच-पावणेतीन अँपिअर ओढते. पाणी उकळायला वेळ लागतो, पण त्यात अंडी उकडतात, दलिया शिजतो. साध्या केटलीत असले प्रयोग करू नयेत, दूध तर नाहीच. तळाला लागतं आणि उतू जाऊन खालच्या जोडणीत शिरतं. जिथे केटलीलाही परवानगी नाही, तिथे स्टीलचा चांगला थर्मास घ्या. रात्री मेसमधून उकळतं पाणी भरून घेतलं की पहाटे चहापुरतं गरम राहतं. सोबत सातूचं पीठ, गूळ आणि खजूर. या तिन्हींना प्लग लागत नाही, आणि मला विचाराल तर पेटीत सगळ्यात आधी हेच भरावं.

पहिल्या रोज्याला तिने पहाटे व्हिडिओ कॉल केला. खोलीत पाच मुली होत्या. त्यातल्या दोघी रोजा न ठेवणाऱ्या, नुसत्या गंमत म्हणून उठलेल्या. एक सांगलीची मुलगी केटलीवर लक्ष ठेवून बसली होती, कारण अंडी बारा मिनिटं उकडायची की पंधरा यावर वाद चालला होता. प्रेस मजल्यावर एकच आहे, वापरायला वार ठरलेत. आपलीच प्रेस ती, पण आमचा वार गुरुवार.

इंडक्शन शेगडी आता आमच्याच स्वयंपाकघरात आहे. सिलिंडर संपला की चहा तिच्यावर होतो. मामूंना अजून सांगितलेलं नाही. ते आले की मी तिच्यावर ओढणी टाकते.