प्रोस्टेटचे ग्रॅम आणि लघवीचा त्रास

“सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅमचं आलंय, म्हणजे ऑपरेशन करावंच लागणार ना?” चऱ्होली, दिघी, आळंदी या पट्ट्यात साठीच्या पुढच्या पुरुषांच्या तोंडून हा प्रश्न सतत ऐकू येतो. कुणी भोसरी-चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले, कुणी अजून शेतात राबणारे. पिशवीत फिल्म, रिपोर्ट आणि त्यावर पेनाने गोल केलेले शब्द : ‘प्रोस्टेटोमेगली, ग्रेड टू’. धार कशी येते, रात्री कितीदा उठावं लागतं, असं विचारलं की यांतले काही जण म्हणतात, “तसा त्रास काही नाही, चेकअपमध्ये निघालं.” त्रासच नाही, तर ऑपरेशन कशाचं करायचं?

प्रोस्टेट जितकं मोठं तितका आजार मोठा, हा समज चुकीचा आहे. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, चाळिशीनंतर हळूहळू वाढते आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांची वाढलेली असते. साठीच्या माणसाच्या रिपोर्टात ‘वाढलंय’ असं येणं म्हणजे केस पिकलेत असं लिहून येण्यासारखं आहे.

मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधून जातो. ग्रंथी बाहेरच्या अंगाने फुगली तर ८० ग्रॅम होऊनही धार ठीक राहू शकते. उलट ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग वर सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी आला, तर माणूस कुंथून कुंथून बेजार होतो. टॅम्सुलोसिनची गोळी बघा. ती ग्रंथी एका ग्रॅमनेही कमी करत नाही, फक्त तिथले आवळलेले स्नायू सैल करते, तरी अनेकांची धार काही दिवसांत सुधारते. अमेरिकेत मिनेसोटातल्या ऑल्मस्टेड काउंटीत सामान्य पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९९०च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्रास आणि ग्रंथीचा आकार यांचा संबंध अगदी कच्चा निघाला.

शिवाय हे ग्रॅम कुणी तराजूवर तोललेले नसतात. लांबी, रुंदी आणि उंची पडद्यावर मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.५२ने गुणायचं. तिन्ही मापं ४ सेंटिमीटर धरली तर उत्तर येतं ३३. प्रत्येक माप अर्धा सेंटिमीटर जास्त घेतलं गेलं, तर तेच उत्तर ४७ होतं. त्यामुळे एका सेंटरवर ३६ आणि महिन्याने दुसऱ्या सेंटरवर ४४ आलं, तर ‘महिन्यात आठ ग्रॅम वाढलं’ म्हणून झोप उडवून घेऊ नका.

मग आकार बिनकामाचा का? नाही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही ग्रंथी आकसवणारी औषधं मोठ्या ग्रंथीतच उपयोगी पडतात. ऑपरेशन ठरलंच असेल तर कोणत्या पद्धतीने करायचं हे आकारावर ठरतं. ग्रंथी मोठी असेल तर पुढे लघवी तुंबण्याचा धोकाही जास्त असतो. पण उपचार लागतील का, हे आधी त्रासावरून ठरवायचं. त्यासाठी आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची साधी यादी आहे : ७ गुणांपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र.

दुसरी भीती ‘लघवी शिल्लक राहते’ या ओळीची. सोनोग्राफीआधी लिटरभर पाणी पाजतात, नंबर लांबतो, मूत्राशय फुटायला येतं, मग अनोळखी बाथरूममध्ये बाहेर दार वाजत असताना लघवी करायला सांगतात. अशा वेळी निरोगी माणसाचीही थोडी मागे राहते. आकडा जास्त आला तर नेहमीसारखी लघवी लागल्यावर, घाई न करता, पुन्हा मोजून घ्या.

ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१० साली स्पष्ट सांगितलंय की, साध्या तक्रारी असलेल्या प्रत्येक पुरुषाची किडनीची सोनोग्राफी पहिल्याच भेटीत करू नये. आधी हवी नीट विचारपूस, बोटाने तपासणी, लघवीची तपासणी आणि तीन दिवसांची नोंद. घरात एक मापाचा मग ठेवा आणि किती वाजता किती मिली झाली ते लिहा. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल, तर कारण बहुधा प्रोस्टेटमध्ये नाही. ते साखर, पायांची सूज, झोपेतलं घोरणं किंवा संध्याकाळी घेतलेली पाणी काढणारी बीपीची गोळी यांत शोधावं लागतं. हे कुठल्याही फिल्मवर दिसत नाही.

सोनोग्राफी खरोखर कधी हवी? लघवीतून रक्त आलं, वारंवार संसर्ग झाला, क्रिएटिनिन वाढलं, पूर्वी खडा होता किंवा लघवी साठून राहते असा संशय असेल, तर ती टाळू नका.

उरलेले समज थोडक्यात. वाढलेल्या प्रोस्टेटचा पुढे कॅन्सर होतो : नाही, हे दोन वेगळे आजार आहेत, मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही : असंही नाही, त्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी बायोप्सी. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच : साध्या वाढीने आणि संसर्गानेही ते वाढतं. फिनास्टेराइड चालू असेल तर सहा महिन्यांत ते निम्म्यावर येतं, म्हणून गोळीचं नाव डॉक्टरांना आधी सांगा.

आणि सगळ्यांत घातक समज : लघवी अडली की भरपूर पाणी प्यायचं. पोट फुगलंय, कळा येताहेत आणि थेंबही उतरत नाही, अशा वेळी पाणी पिऊन दुखणं वाढतंच. सर्दीच्या काही गोळ्यांनीही असं अचानक होतं. तेव्हा सोनोग्राफीचा नंबर लावत बसू नका. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाचा तातडीचा विभाग असो की जवळचं दुसरं रुग्णालय, तिथे आधी नळी घालून लघवी मोकळी करतात, बाकीच्या तपासण्या नंतर.